ओल्या फरशीचे साक्षीदार

रविवारी सकाळी ताईंच्या दिवाणखान्यात फरशी ओली होती की कोरडी यावर मतदान झालं, आणि ती ओली होती असं बहुमतानं ठरलं.

ही फरशी काही ताईंच्या घरातली नव्हती. ती होती शहराच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्याच्या स्वयंपाकघरात. मतदानाला बसलेल्यांपैकी त्या संध्याकाळी ती पाहिलेली माणसं दोनच होती. एक स्वतः धाकटा. त्यानं जरा कुरकुरत का होईना, ओलीच्या बाजूनं हात वर केला. दुसरी थोरली सून. तिच्या हातात चहाचा ट्रे होता, त्यामुळे तिचं मत मोजलंच गेलं नाही. ट्रे खाली ठेव असंही तिला कुणी म्हणालं नाही.

"ठरलं तर मग," ताई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरची पितळी घंटा वाजवली. ताई म्हणजे धाकट्याची मोठी बहीण. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं निरोपाला ही घंटा दिली होती. शाळेला वाटलं असेल, बाई आता घंटा कपाटात ठेवतील आणि स्वस्थ बसतील. पण घंटा हाती असलेली बाई स्वस्थ बसल्याचं कुणी ऐकलंय? तेव्हापासून या घराण्याच्या सगळ्या बैठका घंटेवर सुरू होत आणि घंटेवर संपत. "ओल्या फरशीवरून पाय घसरला. सगळ्यांनी हेच वाक्य म्हणायचं. बाळ, तू सुद्धा."

बाळ म्हणजे धाकटा. वय पंचेचाळीस, डोक्यावर टक्कल, पण आईनं बाळ म्हटलं म्हणून सगळे बाळच म्हणत. कारखान्यात मात्र त्याला हेल्मेटसाहेब म्हणत. तो तिथला सुरक्षा अधिकारी. हजारभर कामगारांनी बूट घातले की नाही, जिन्याचा कठडा धरला की नाही, यंत्राला हात लावण्याआधी बटण बंद केलं की नाही, हे पाहणं त्याचं काम, आणि ते तो इतक्या निष्ठेनं करी की लोक त्याला पाहिलं की रिकाम्या मैदानातही कठडा शोधत. कारखान्याच्या फाटकावर त्याचा हसरा फोटो होता, पुरुषभर उंचीचा, आणि खाली लिहिलेलं होतं: सुरक्षेची सुरुवात घरापासून.

गेल्या आठवड्यापासून त्या फोटोवर गोणपाट टाकलेलं होतं. सुट्टीच्या वेळी कामगार गोणपाट उचलून खालचं वाक्य वाचत आणि पुन्हा नीट झाकून ठेवत, असं थोरल्यानं पाहिलं होतं. थोरला, म्हणजे धाकट्याचा मोठा भाऊ आणि थोरलीचा नवरा, त्या कारखान्याला बूट आणि हातमोजे पुरवत असे. ते कंत्राट त्याला कुणामुळे मिळालं हे वेगळं सांगायला नको.

झालं होतं ते असं. आठवड्यापूर्वी संध्याकाळी धाकटीचं, म्हणजे धाकट्याच्या बायकोचं, मनगट मोडलं आणि भुवईवर टाके पडले. तोवर घरच्यांच्या हिशेबी सगळं ठीक होतं, कारण घरातली गोष्ट घरात होती. पण धाकटीनं उजव्या हातानं फोन उचलला आणि पोलिसांना बोलावलं. नंबर तिला पाठ नव्हता. तो फ्रिजच्या दारावर होता, लाल अक्षरांत, धाकट्यानंच चिकटवलेला: आपत्कालीन क्रमांक, घाबरू नका, स्पष्ट बोला. ती घाबरली नाही आणि स्पष्ट बोलली. पोलीस आले आणि धाकट्याला घेऊन गेले. गाडीत बसताना त्यानं शिपायाला सीटबेल्ट कुठे आहे असं विचारलं, हे खालच्या मजल्यावरचे अजून सांगतात.

एक रात्र कोठडीत काढून तो जामिनावर सुटला, पण अटी घेऊन सुटला. घराकडे फिरकायचं नाही, बायकोशी बोलायचं नाही, पासपोर्ट कोर्टात जमा. म्हणून सध्या मुक्काम ताईंकडे, आई सुद्धा त्याच्या मागोमाग इथेच. कंपनीनं चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवलं. पुढच्या महिन्यात तो सगळ्या कारखान्यांचा सुरक्षा प्रमुख होणार होता. नव्या हुद्द्याची कार्डंसुद्धा छापून आली होती. ती आता ताईंच्या फोनशेजारी पडून होती आणि ताई त्यांच्या पाठीवर भाजी लिहून ठेवत.

"आता नीट ऐका," मामा म्हणाले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. ते वकील, पण आयुष्यभर घरांची खरेदीखतं केलेले. मारहाणीचा खटला त्यांनी पाहिलेला नव्हता, आणि ही उणीव ते आवाज चढवून भरून काढत. "आज कंपनीची बाई येणार चौकशीला. तिनं एकदा अपघात असं नोंदवलं, की ते मी कोर्टात नेतो. अटी शिथिल करा म्हणून अर्ज टाकतो. महिनाअखेर बाळ घरी. ताबा मिळाला की अर्धं काम झालं."

"कसला ताबा, मामा?" थोरलीनं विचारलं.

"घराचा गं. आणि घरातल्या सगळ्याचाच."

थोरलीनं ट्रे खाली ठेवला. तिला सकाळ आठवली. तिचं आणि धाकटीचं घर शेजारी शेजारी, मधे एक भिंत. सकाळी ती धाकटीच्या मुलीची वेणी घालायला गेली होती, कारण धाकटीला एका हातानं वेणी घालता येत नव्हती. धाकटी ओट्याला टेकून बघत उभी होती. म्हणाली, "वहिनी, मामांचा फोन आला होता. फार गोड बोलले. महिनाअखेर हे घरी येतील म्हणाले." थोरली वेणीचे पेड घालत राहिली. "तुम्ही तिथे काय सांगणार ते मी विचारत नाही," धाकटी म्हणाली. "तुम्हाला तुमचा संसार आहे. फक्त हे येणार असं नक्की झालं तर मला आधी कळवा. पोरीला घेऊन निघायचं तर एका हातानं वेळ लागतो."

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की थोरलीच्या हातातली वेणी सुटली. तिनं ती पहिल्यापासून पुन्हा घातली.

आणि सगळ्यांची भिस्त होती ती नेमकी या थोरलीवर. त्या संध्याकाळी ती धाकटीकडे चाळणी परत द्यायला गेली होती, दार उघडंच होतं, आणि जे घडलं ते तिनं दारातून पाहिलं होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा थोरल्यानं तिला घरात नेलं आणि "तिला बरं वाटत नाही, नंतर सांगेल" असं सांगून वेळ मारून नेली. ते "नंतर" आता आलं होतं. त्यातून थोरली चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासत असे, आणि मामांना हे समजल्यापासून ते हरखून गेले होते. "नजर तपासणारी साक्षीदार! सोन्यासारखी साक्षीदार आहे ही," ते पुन्हा पुन्हा म्हणत.

"चला, तालीम," ताई म्हणाल्या. "मी चौकशीवाली. थोरले, सांग, तू काय पाहिलंस?"

"दार उघडं होतं," थोरली म्हणाली.

"ते नको. फरशीपासून सुरुवात कर."

"फरशी ओली होती," थोरल्यानं बायकोच्या वतीनं सांगितलं. त्याचा आवाज नेहमीच हळू असे. मोठ्यानं बोलणारं माणूस पाहिलं की तो खोलीतून उठून जाई, हे थोरलीला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

"पाण्यानं ओली की तेलानं?" मामांनी विचारलं. "कोर्टात हे विचारतात."

"पाण्यानं," ताई म्हणाल्या.

"तेल जास्त पटतं."

"मामा, एकदा ठरलं ते ठरलं."

"मतदान ओलीवर झालं. कशानं ओली हा मुद्दा खुला आहे."

इथे धाकट्याला राहवेना. "एक मिनिट," तो म्हणाला. "माझ्या स्वयंपाकघरात तेल सांडलेलं राहूच शकत नाही. आणि पाणी सांडलं तरी कुणी घसरणार नाही. मी ओट्यापुढे रबरी चटई टाकलीय. जाड, खाचांची. कारखान्यात वापरतो तीच."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"अरे बाळ," आई कळवळून म्हणाली, "चटई नव्हती म्हण ना."

"नव्हती कशी म्हणू? लोक काय म्हणतील, सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरात चटई नाही?"

"लोक काय म्हणताहेत ते तुला कळतंय का?" ताई एवढं बोलून गेल्या आणि मग घंटा उगीच जरा इकडची तिकडे केली. बहीणभावांत पहिल्यांदाच ठिणगी पडली होती. आईनं लगेच बाळाची बाजू घेतली, मामांनी ताईंची, आणि थोरला बूट बघत बसला. शेवटी चटई धुवायला टाकलेली होती असं ठरलं. कोणी धुवायला टाकली, तर धाकटीनं. म्हणजे पडली ती स्वतःच्याच चुकीनं. या निष्कर्षावर पोचल्यावर सगळ्यांना एकदम हलकं वाटलं आणि बिस्किटांची बशी फिरली.

"अगं, तुझं कसं आहे," ताई थोरलीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तू फार थोडं बोलतेस. थोडक्यात उत्तर दिलं की परीक्षकाला शंका येते. मी मुलांना सांगायची, जेवढं सविस्तर तेवढे गुण. आपल्याला विचारलं त्याहून चार गोष्टी जास्त सांगायच्या."

हे बाकीच्यांनीही ऐकलं, आणि दुर्दैवानं मनावर घेतलं.

थोरला तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला. "हे बघ," तो म्हणाला, "एकच वाक्य म्हणायचं आहे."

"अहो, मी तिथे होते."

"माहीत आहे."

"तुम्हाला काय माहीत आहे?"

त्यानं नळ नीट बंद केला, तो आधीच बंद होता. "बुटांचं सोड," तो म्हणाला. "बुटांचं बघून घेऊ. पण आई आहे."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

चौकशीबाई तरुण होत्या, तिशीच्या आतबाहेर, स्कूटरवरून आलेल्या, हेल्मेट काखेत. सहा वर्षांपूर्वी त्या कारखान्यात शिकाऊ म्हणून आल्या तेव्हा त्यांना सगळं काम धाकट्यानंच शिकवलं होतं. त्यामुळे घरात आनंदच होता: आपलीच पोरगी आहे, सांभाळून घेईल. धाकट्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि खुर्चीचा पाय वायरीवर येत नाही ना, ते वाकून पाहिलं.

"साहेब, तुम्ही बसा," चौकशीबाई म्हणाल्या. "मला घरच्यांशी बोलायचंय. तुमच्या मिसेसशी काल बोलून झालं."

"तिनं काय सांगितलं?" ताईंनी विचारलं.

"ते तुम्हाला सांगता येणार नाही. तुमचं काय म्हणणं आहे?"

"ओल्या फरशीवरून पाय घसरला," ताई, आई आणि मामा एकदम म्हणाले. थोरला अर्धा शब्द मागे राहिला.

चौकशीबाईंनी मान हलवली. "म्हणजे अपघात."

"शुद्ध अपघात," मामा म्हणाले.

"बरं. साहेबांनीच आम्हाला शिकवलंय, की अपघात झाला असं कुणी म्हटलं, की तिथे थांबायचं नाही. मोठा अपघात कधी पहिला नसतो. त्याआधी लहान लहान होऊन गेलेले असतात, फक्त कुणी सांगितलेले नसतात. बरोबर ना साहेब?"

धाकट्याच्या चेहऱ्यावर तशाही परिस्थितीत गुरूचं समाधान दिसलं. "अगदी बरोबर," तो म्हणाला. "ते तर मूळ सूत्र आहे."

"तर याआधी त्यांना असं काही झालं होतं का? पडणं, लागणं?"

मामांचे डोळे चमकले. थोरलीला ते दिसलं. आयुष्यभर खरेदीखतं करणाऱ्या माणसाला अचानक फौजदारी कल्पना सुचली होती. बाई जर मुळातच धडपडी असेल, तर त्यात नवऱ्याचा काय दोष? "झालं होतं का म्हणजे काय?" ते म्हणाले. "ती बाई सारखी पडते! तिचा तोलच नाही."

"हो तर," ताई म्हणाल्या. त्यांनाही ते पटलं, आणि सविस्तर उत्तराची त्यांची सवय जागी झाली. "माझ्या मुलाच्या लग्नात ती काळा चष्मा लावून आली होती. घरात, संध्याकाळी. कपाटाचं दार लागलं म्हणे डोळ्याला. मी तेव्हाच म्हटलं, बाई, बघून चालत जा."

"त्याच्या आधी जिना," आई म्हणाली. तिला मागे राहायचं नव्हतं, बाळाचा प्रश्न होता. "जिन्यावरून पडली. पुढचा दात गेला. तो दात तिनं नंतर नवा बसवला, ओळखूसुद्धा येत नाही."

"आणि कान?" मामांनी आठवण करून दिली.

"हो, कान! बाथरूमच्या नळाची तोटी लागली कानाला. अजून डाव्या कानानं कमी ऐकू येतं. बाहेरून हाक मारली की हिला पत्ताच नसतो."

"शिवाय ती बोटं," ताई म्हणाल्या.

"ती दारात सापडली होती," आई म्हणाली. "तिचं लक्षच नसतं कुठे."

चौकशीबाई लिहीत होत्या. थोरली बघत राहिली. आपापल्या परीनं प्रत्येक जण प्रेमानं, चढाओढीनं, एकेक मोडलेला अवयव आणून टेबलावर ठेवत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय? तिला यातलं जवळजवळ सगळं माहीत होतं, पण एका जागी असं कधी ऐकलं नव्हतं. वेगवेगळ्या वेळी ऐकलं की ते एवढं वाटत नाही. तिला धाकटीची इतकी कीव आली की ती मान खाली घालून बसली.

"पुरे आता," धाकटा एकदम म्हणाला. सूत्र त्याचंच होतं, त्यामुळे ते कुठे चाललंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं.

"बोलू दे रे बाळ," मामा म्हणाले, "सातत्य दिसतंय त्यातून. कोर्टाला सातत्य आवडतं."

"या सगळ्या वेळी साहेब कुठे होते?" चौकशीबाईंनी विचारलं.

"घरीच!" आई अभिमानानं म्हणाली. "तेच तर सांगतेय. तो होता म्हणून निभावलं. दर वेळी त्यानंच तिला दवाखान्यात नेलं. रक्त पुसलं, गाडीत बसवलं, पट्टा लावून. दुसरा कोण करतो एवढं बायकोचं?"

"मामा, थांबवा तिला," धाकटा म्हणाला.

"आणि साहेब घरी नसताना कधी पडल्या का त्या?"

"नाही," आई म्हणाली. "तो मागे तीन महिने प्रशिक्षणाला परगावी होता ना, तेव्हा तर हिला साधं खरचटलंसुद्धा नाही. तब्येत सुधारली होती उलट."

मामांनी बिस्कीट उचललं आणि परत बशीत ठेवलं. ताईंचा हात घंटेकडे गेला, पण बैठक संपवायची तर चौकशीबाई अजून बसलेल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे सगळ्यांनी मिळून ती बोट बोट करून उघडली होती, आणि उघडून झाल्यावर आत काय आहे ते बघत बसले होते.

कुणीतरी काहीतरी सावरायला हवं होतं, आणि ते आईनं अंगावर घेतलं. "अहो बाई, यात एवढं काय आहे?" ती म्हणाली. "संसार म्हटलं की बायका पडतातच. मी नाही का पडले? आप्पांच्या वेळी, म्हणजे यांच्या वडिलांच्या, मी किती वेळा पडले असेन. माझा हा खांदा अजून वर जात नाही थंडीत. म्हणून काय मी पोलिसांना फोन केला? त्या काळी सगळ्याच पडायच्या."

ताई भिंतीकडे बघू लागल्या. आप्पांना जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि या घरात त्यांच्याबद्दल फक्त ते किती शिस्तीचे होते एवढंच बोललं जाई.

चौकशीबाईंनी लिहिणं थांबवलं. त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "तुम्हीही याच घरातल्या सून ना?"

"हो."

"तुम्ही कधी पडलात?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. ताईंनी डोळ्यांनी काहीतरी खूण केली, ती तिला कळली नाही, किंवा कळूनही तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे ओट्याला टेकलेली धाकटी होती, आणि महिनाअखेर.

"नाही," ती म्हणाली. "मी कधीच पडले नाही."

"का बरं?"

"आमचे हे मारत नाहीत."

थोरल्यानं मान वर केली. मामा म्हणाले, "तिला म्हणायचं असं आहे की..." पण तिला काय म्हणायचं आहे हे त्यांना पुढे सुचलं नाही.

"त्या संध्याकाळी तुम्ही दारात होतात," चौकशीबाई म्हणाल्या.

"होते. फरशी कोरडी होती. चटई जागेवर होती." बोलायला सुरुवात केल्यावर तिला ते वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. "भाऊजींनी तिला ढकललं, ती ओट्यावर आपटली. ती उठली. उठून भिंत धरून चटईवर नीट उभी राहिली. मग त्यांनी तिला पुन्हा ढकललं. पहिल्यांदाचं एक वेळ पाय घसरला म्हणता येईल. दुसऱ्या वेळी ती भिंत धरून उभी होती. मी हेच पोलिसांनाही सांगणार आहे, उद्या."

"वहिनी," धाकटा म्हणाला, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? माझी नोकरी जाईल. प्रमुखाची जागा गेलीच, आता ही पण जाईल. तुमच्या नवऱ्याचे बूट कोण घेणार मग? मी तुरुंगात जाईन, वहिनी."

"हो भाऊजी," ती म्हणाली. "कळतंय."

धाकटा उठला. त्याला बहुधा नुसतं बाहेर जायचं होतं, निदान नंतर तो तसं म्हणाला. पण तो झटक्यात उठला, खुर्ची मागे भिंतीवर आपटली, आणि त्या आवाजासरशी आईचा हात वर गेला. कोपर पुढे, मनगट कपाळावर, मान खांद्यात. डोळे मिटलेले. थंडीत वर न जाणारा तोच खांदा.

धाकटा तिच्यापासून चांगला चार हात लांब होता. आईवर त्यानं जन्मात कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तरी हात वरच होता. ताई तोंडावर हात ठेवून रडू लागल्या, मुख्याध्यापिकेला न शोभेल अशा, लहान मुलीसारख्या. धाकटा त्या हाताकडे बघत जागच्या जागी उभा राहिला. त्यानं तो हात ओळखला होता. लहानपणी तिघं भावंडं त्याच हातामागे उभी राहायची.

थोरला उठून आईजवळ गेला. त्यानं तिचं कोपर धरून हात हळूहळू खाली आणला आणि मांडीवर ठेवला. "आई, खाली घे," तो म्हणाला. "आप्पा नाहीत इथे."

आईनं डोळे उघडले. "मी कुठे काय केलं?" ती म्हणाली.

थोरल्यानं तिच्या शेजारी खुर्ची ओढली. त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, चौकशीबाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं. "माझंही लिहून घ्या," तो म्हणाला. "मधे एकच भिंत आहे, मला सगळं ऐकू यायचं. मी पहिल्यापासून सांगतो."

"कधीपासून?" चौकशीबाईंनी विचारलं. "लग्न झाल्यापासून?"

"हो," थोरला म्हणाला, आणि त्यानं आईचा हात पुन्हा हातात घेतला. "हिचं."